जुन्या प्रोग्रामची नवी घडी

प्रोग्राम जे काम करतो ते तसेच राहू देऊन त्याची आतली मांडणी सुधारणे, याला संगणक व्यवसायात रिफॅक्टरिंग म्हणतात. वापरणाऱ्याला फरक जाणवता कामा नये. तीच स्क्रीन, तेच बिल, पैशापर्यंत तोच आकडा. बदलते ते आतले. एकाच जागी कोंबलेला हिशेब वेगवेगळ्या भागांत वाटला जातो, सात ठिकाणी उतरवलेला मजकूर एका ठिकाणी आणला जातो, कोड्यात टाकणाऱ्या नावांच्या जागी समजणारी नावे येतात. हाती नवे काहीच येणार नसेल तर खर्च कशाला, हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत हमखास निघतो. त्याचे उत्तर पुढच्या बदलात असते. सरकारी नियम बदलला, कर बदलला, बँकेने पैसे वर्ग करण्याची पद्धत बदलली, की जुन्या प्रोग्रामला हात लावावाच लागतो. आत गुंता असेल तर दोन ओळींच्या बदलाला दोन आठवडे जातात, आणि वर तिसरेच काही बिघडते. मॅनी लेहमन यांनी 1974 पासून मांडत नेलेल्या सॉफ्टवेअर-उत्क्रांतीच्या नियमांपैकी पहिले दोन हेच सांगतात: वापरातला प्रोग्राम सतत बदलत राहतो, आणि कोणी मुद्दाम आवरला नाही तर त्याचा गुंता वाढतच जातो.

आवरण्याचे हे काम माणसाने ओळ न् ओळ वाचून करायचे की यंत्राकडून करून घ्यायचे, हा एक प्रश्न. आवरून झाल्यावर मांडणी कशी असावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर स्वयंचलित रिफॅक्टरिंगमध्ये शोधले जाते, दुसऱ्याचे डिझाइन पॅटर्नमध्ये.

सोलापूर जिल्ह्यात उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत आघाडीवर असलेला हा जिल्हा आहे, आणि प्रत्येक कारखान्याच्या हिशेब विभागात ऊसबिलाचा प्रोग्राम चालतो. साखर कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था यांच्या हिशेबाचे संगणकीकरण महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर 1990 च्या दशकात झाले. त्या कामात डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो या डेटाबेस साधनांचा वाटा मोठा होता. एका माणसाला दोन-तीन महिन्यांत अख्खा प्रोग्राम पुरा करता येईल अशी ती साधने होती. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती 2004 मध्ये काढली आणि जानेवारी 2015 मध्ये तिचा आधार पूर्णपणे थांबवला. प्रोग्राम मात्र थांबले नाहीत. लेगसी सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच: ज्याच्यावाचून काम अडते, पण ज्याला हात लावायला कोणी धजत नाही.

ऊसबिल दिसायला सोपे असते. शेतकी विभागाकडे लागण किंवा खोडव्याची नोंद, मग तोड, काट्यावरची पावती, पंधरवड्याचे बिल, त्यातून सोसायटीच्या कर्जाच्या आणि इतर वजावटी, उरलेली रक्कम बँकेत वर्ग. गुंता सगळा दरात आहे. 2009-10 च्या हंगामापासून किमान वैधानिक दराची जागा रास्त व किफायतशीर दराने, म्हणजे एफआरपीने घेतली. त्या वर्षी 9.5 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे 129.84 रुपये दर होता. 2018-19 मध्ये पायाभूत उतारा 10 टक्के झाला आणि दर 275 रुपये. 2022-23 मध्ये उतारा 10.25 टक्के आणि दर 305 रुपये. पायाभूत उताऱ्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला वाढीव रक्कम, खाली आल्यास त्याच प्रमाणात कपात; पण 9.5 टक्क्यांच्या खाली कितीही घसरण झाली तरी आणखी कपात नाही, म्हणून 2022-23 मध्ये किमान दर 282.125 रुपये. महाराष्ट्रात यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे दिले नाहीत तर वार्षिक 15 टक्के व्याज. त्यात फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

आता हे सगळे नियम एका प्रोग्राममध्ये, निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या वर्षी घातले तर काय होते? हंगाम अमुक असेल तर हे सूत्र, नाहीतर हंगाम तमुक असेल तर ते सूत्र, अशी पायरीखाली पायरी वाढत जाते. दरवर्षी शेवटच्या पायरीखाली एक नवी पायरी. बिलाला दर लागतो तसा व्याजालाही लागतो, साखर आयुक्तालयाला पाठवायच्या तक्त्यालाही लागतो आणि बँकेकडून उचल घेताना करायच्या अंदाजालाही लागतो, म्हणून तीच उतरंड आणखी तीन ठिकाणी उतरवलेली असते. दोन-चार हंगामांनंतर चारपैकी तीन ठिकाणी दुरुस्ती होते आणि चौथे राहून जाते. बिल आणि तक्ता यांची बेरीज जुळेनाशी होते. लेखापरीक्षणात फरक सापडतो तेव्हा तो शोधायला प्रोग्राम लिहिणारा गावात नसतो, आणि असला तरी पंधरा वर्षांपूर्वी आपण असे का लिहिले हे त्यालाही आठवत नाही.

अशा ठिकाणी डिझाइन पॅटर्न उपयोगी पडतो. ही कल्पना मुळात वास्तुरचनेतली. व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे पुस्तक काढले. घर, गल्ली, चौक बांधताना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न आणि त्यांची पारखलेली उत्तरे असे 253 नमुने त्यात आहेत. सॉफ्टवेअरच्या लोकांनी ही रीत उचलली. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हलिसिडिस या चौघांचे 23 पॅटर्नचे पुस्तक 1994 मध्ये बाजारात आले, आणि तेव्हापासून ते अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ठाण मांडून आहे. पॅटर्न म्हणजे तयार प्रोग्राम नव्हे. विशिष्ट प्रकारची अडचण आली तर भाग कसे पाडावेत आणि ते एकमेकांशी कसे बोलावेत, याचा तो आराखडा असतो.

ऊसदराच्या उतरंडीला त्यातला ‘स्ट्रॅटेजी’ हा पॅटर्न चपखल बसतो. प्रत्येक नियमाचा स्वतंत्र भाग करायचा: 2009 चा एक, 2018 चा एक, 2022 चा एक, दोन टप्प्यांचा आणखी एक. सगळ्या भागांचे तोंड सारखे. उतारा आणि हंगाम द्या, दर घ्या. बिलाचा प्रोग्राम नियम कोणता हे विचारत नाही, फक्त दर मागतो. तक्ता आणि व्याजही त्याच ठिकाणी मागतात. कोणत्या हंगामाला कोणता भाग लावायचा हे एकाच जागी ठरते. पुढच्या वर्षी सूत्र बदलले तर एक नवा भाग जोडायचा, जुन्यांना हातही लावायचा नाही. न्यायालयाने नियम रद्द केला तर निवड बदलायची. आणि चार वर्षांपूर्वीच्या बिलावर वाद निघाला तर त्या वर्षीचा नियम जसाच्या तसा शाबूत असतो.

बाकीच्या पॅटर्नपैकी काही अशाच कारखान्यांत रोज भेटतील. वजनकाट्याचे इंडिकेटर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि प्रत्येकाची आकडा पाठवण्याची तऱ्हा निराळी, म्हणून मध्ये ‘अ‍ॅडॉप्टर’ घालतात. वजन नोंदले गेले की बिलाला, साठ्याला आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणाऱ्या संदेशाला एकदम कळावे यासाठी ‘ऑब्झर्व्हर’ वापरतात. जुना, न उलगडणारा भाग तसाच ठेवून त्याच्यापुढे एक नीटनेटके दार उभे करायचे असेल तर ‘फसाड’. तेवीसच्या तेवीस वापरण्याचा अट्टहास कोणी करू नये. नव्याने पॅटर्न शिकलेला अभियंता तो करतोच, आणि मग दोन संख्यांची बेरीज करायला नऊ फायली उघडाव्या लागतात.

मांडणी यंत्राने बदलावी या विचाराला शास्त्रीय बैठक मिळाली ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. विल्यम ग्रिसवोल्ड यांनी 1991 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात आणि विल्यम ओपडाइक यांनी 1992 मध्ये इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिले. ओपडाइक यांचे मार्गदर्शक होते राल्फ जॉन्सन, म्हणजे तेवीस पॅटर्नवाल्या चौघांपैकी एक. पॅटर्न आणि रिफॅक्टरिंग ही जुळी भावंडे एकाच घरातली. त्याच विद्यापीठात डॉन रॉबर्ट्स आणि जॉन ब्रँट यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी ‘रिफॅक्टरिंग ब्राउझर’ बांधला. मार्टिन फाउलर यांच्या 1999 च्या पुस्तकाने हे शास्त्र कामकरी प्रोग्रामरच्या टेबलावर आणले. 2001 पासून इंटेलिजे आणि एक्लिप्स या जावाच्या साधनांत रिफॅक्टरिंगचा मेन्यू आला. एक्लिप्सच्या जावा साधनांमागे होते एरिक गामा, पुन्हा त्या चौघांतलेच.

यंत्र हे करते कसे? प्रोग्रामचा मजकूर ते अक्षरांची रांग म्हणून पाहत नाही. आधी व्याकरणानुसार त्याचे पृथक्करण करून वृक्ष उभा करते: हे वाक्य, ही अट, हे नाव. मग प्रत्येक नाव कोणत्या वस्तूचे आहे ते निश्चित करते, कारण ‘दर’ नावाचे दोन चल (व्हेरिएबल) दोन ठिकाणी असू शकतात. नंतर कोणती किंमत कुठे ठरते आणि कुठवर वापरली जाते, हा प्रवाह काढते. या डेटा-फ्लो विश्लेषणावर आयआयटी मुंबईचे उदय खेडकर आणि सहकाऱ्यांचे 2009 चे पाठ्यपुस्तक जगभर वापरात आहे. एवढे झाल्यावर बदलाच्या पूर्वअटी तपासल्या जातात. अट पुरी झाली तर बदल, नाहीतर नकार. ओपडाइक यांच्या प्रबंधाचे मर्म हेच होते: प्रत्येक छोट्या बदलासाठी अशा अटी लिहून ठेवायच्या की त्या पाळल्या तर वर्तन बदलणार नाही.

वाढीव उताऱ्याची रक्कम काढणाऱ्या सहा ओळी बिलाच्या तीनशे ओळींतून वेगळ्या काढायच्या आहेत असे समजू. यंत्र पाहते की त्या ओळी उतारा आणि हंगाम या दोन किमती बाहेरून घेतात. त्या नव्या भागाला द्याव्या लागतील. आत ठरलेला दर पुढे वापरला जातो. तो परत यायला हवा. मधल्या चार-दोन तात्पुरत्या किमती बाहेर कोणी पाहत नाही. त्या आतच राहतील. पण त्याच ओळींत कोणी घाईत व्याजाची तारीखही ठरवून ठेवली असेल आणि ती पुढे वापरली जात असेल, तर दोन किमती परत न्याव्या लागतात, आणि साधे साधन तिथे थांबते. हे थांबणे कामाचे असते. दराच्या ओळींत व्याजाची तारीख दडलेली आहे, हे माणसाला बहुधा तेव्हाच पहिल्यांदा कळते.

अशी छोटी पावले ओळीने टाकली की पॅटर्न तयार होतो. सहा-सहा ओळी बाहेर काढणे, त्यांना वेगळ्या वर्गात (क्लासमध्ये) हलवणे, वर्गांना समान तोंड देणे, शेवटी अटींची उतरंड काढून निवडीचा एकच भाग ठेवणे: ही झाली स्ट्रॅटेजी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मेल ओ’किनेड यांनी 2000 च्या सुमारास हाच मार्ग धरला. प्रत्येक पॅटर्न थोड्या, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या रूपांतरांत फोडला तर तो यंत्राकडून जुन्या प्रोग्राममध्ये बसवता येतो, असे त्यांनी दाखवले. ग्रीसमध्ये निकोलाओस त्सांतालिस आणि सहकाऱ्यांनी बनवलेले ‘जेडिओडोरंट’ हे साधन एक पाऊल अलीकडून सुरुवात करते. अटींची उतरंड प्रोग्राममध्ये कुठे आहे हे ते स्वतः हुडकते आणि तिथे ‘स्टेट’ किंवा ‘स्ट्रॅटेजी’ पॅटर्न सुचवते. यातले सर्वांत बोलके उदाहरण 2015 चे आहे. जाँगवुक किम, डॉन बॅटोरी आणि डॅनी डिग यांनी 23 पैकी 18 पॅटर्न जावाच्या स्क्रिप्टमध्ये उतरवले. एका प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्राममध्ये त्यांच्या साधनाने एक्लिप्सची 554 रिफॅक्टरिंग लागोपाठ चालवून 276 भागांचा ‘व्हिजिटर’ पॅटर्न 10 मिनिटांत उभा केला. हाताने ते कोणी करणार नाही.

पॅटर्न कुठे हवा हे मात्र यातले कोणतेही साधन खात्रीने सांगत नाही. उतरंड दिसली म्हणून स्ट्रॅटेजी हवीच असे नाही. लागण आणि खोडवा हे दोनच पर्याय असतील आणि तिसरा कधी येणारच नसेल, तर साधी अट पुरते. एफआरपीचे सूत्र दर दोन-चार वर्षांनी बदलते ही माहिती प्रोग्राममध्ये नसते. ती शेतकी अधिकाऱ्याकडे आणि हिशेबनिसाकडे असते. जोशुआ केरिएव्हस्की यांनी 2004 मध्ये ‘रिफॅक्टरिंग टू पॅटर्न्स’ लिहिताना पॅटर्नकडे जाण्याबरोबर गरज नसलेल्या पॅटर्नपासून दूर येण्याचीही रिफॅक्टरिंग सांगितली आहेत. हा भाग फार कमी लोक वाचतात.

वर सांगितलेली बहुतेक साधने जावासारख्या भाषांसाठी आहेत. फॉक्सप्रोच्या आणि कोबॉल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रामला ती थेट लागू होत नाहीत, आणि खरी मेहनत इथेच आहे. फॉक्सप्रोत एक सोय होती: अक्षरांच्या रूपात साठवलेला मजकूर प्रोग्राम चालू असताना आज्ञा म्हणून चालवता येई. मॅक्रो म्हणत त्याला. फाइलचे नाव, रकान्याचे नाव, कधी अख्खी अट अशी बनवलेली असे. प्रोग्राम न चालवता फक्त वाचणाऱ्या यंत्राला ती आज्ञा काय होणार हे कळू शकत नाही. दुसरी अडचण चलांची. जाहीर न केलेला चल हा त्या भागाने बोलावलेल्या सगळ्या भागांना दिसतो आणि त्यांना तो बदलताही येतो. म्हणजे बिलाचा प्रोग्राम वजावटीच्या प्रोग्रामला काही न देताच त्याच्याशी बोलत असतो. रकान्याचे नाव दहा अक्षरांत बसवावे लागे, म्हणून तोडणी-वाहतूक खर्चाला टीव्हीके आणि मागील बाकीला एमबी. अशा नावांचा अर्थ यंत्र लावू शकत नाही. तो विचारूनच घ्यावा लागतो.

जुन्या अडचणींचे ठसे किती काळ टिकतात याचे एक सोलापुरी टोक आहे. चादरीची नक्षी विणणारे जकार्ड भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चालायचे. फ्रान्सच्या ल्योंमधले जोसेफ मारी जाकार यांचे हे 1804 चे यंत्र. भोकांनी माहिती नोंदण्याची तीच रीत हर्मन हॉलरिथ यांनी 1890 च्या अमेरिकन जनगणनेत वापरली. पुढे आयबीएमचे 80 रकान्यांचे कार्ड 1928 मध्ये आले, आणि 1960 मध्ये जन्मलेल्या कोबॉलने आपली ओळ त्या कार्डावर बेतली. पहिले सहा रकाने क्रमांकाचे, सातवा खुणेचा, मजकूर बहात्तरपर्यंत. कार्डे जाऊन कित्येक दशके झाली तरी बँकांत चालणारे कोबॉल अजून त्या रकान्यांत लिहिलेले सापडते, आणि ते वाचणाऱ्या आजच्या साधनाला त्र्याहत्तराव्या रकान्यापासूनचा मजकूर सोडून द्यायला शिकवावे लागते.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. जुन्या प्रोग्राममधली मराठी नावे युनिकोडमध्ये नाहीत. सी-डॅकच्या जिस्ट तंत्रासाठी साठवलेली असतील किंवा एखाद्या फॉन्टच्या खास संकेतांत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर खुणांचा कचरा दिसतो. रूपांतर केले की लांबी बदलते. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा-वेलांटीही त्यात वेगळी मोजली जाते. ‘दक्षिण सोलापूर’ हे तालुक्याचे नाव मधल्या जागेसह 40 बाइट होते. जुन्या फाइलीतला रकाना 30 बाइटांचा असेल तर ते मध्येच तुटते. प्रोग्रामच्या मांडणीला कोणी धक्का लावला नाही, तरी वर्तन बदललेले असते.

भारतात या क्षेत्राचे काम ज्या ठिकाणी लवकर सुरू झाले त्यांतले एक पुण्यात आहे. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर 1981 मध्ये, टीसीएसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने उभे राहिले. प्रोग्रामचे विश्लेषण करणारी आणि आराखड्यावरून प्रोग्राम लिहून देणारी साधने तिथे तयार होत गेली. 2000 साल जवळ आले तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवणारे करोडो ओळींचे कोबॉल दुरुस्त करण्याचे काम भारतीय कंपन्यांकडे आले. तारीख कोणत्या चलातून कोणत्या चलात वाहते हे शोधणे म्हणजे वर सांगितलेले डेटा-फ्लो विश्लेषणच. याच केंद्रातल्या विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी 2003 मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये मांडलेली कल्पना अशी, की व्यवसायाचे नियम, मांडणीचे निर्णय आणि तंत्रज्ञान या गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात आणि प्रोग्राम यंत्राने लिहावा, मग तंत्रज्ञान बदलले तरी नियमांना हात लागत नाही. टीसीएसचे ‘मास्टरक्राफ्ट ट्रान्सफॉर्मप्लस’ हे साधन आज जुन्या प्रोग्राममधून व्यवसायाचे नियम काढून देते आणि कोबॉलचे जावात रूपांतर करते. अशा कामांवर पुण्यात बसणाऱ्यांत सोलापूरच्या 1983 साली सुरू झालेल्या वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारख्या महाविद्यालयांतून गेलेली मुले पुष्कळ आहेत. गावातल्या कारखान्याचा प्रोग्राम मात्र त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतो.

बदल झाला, पण वर्तन खरोखर तेच राहिले का? कोणतेही दोन प्रोग्राम सारखेच वागतात की नाही हे यंत्राने नेहमी ठरवावे, हे अशक्य आहे. हेन्री राइस यांच्या 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमेयाचा हा परिणाम. साधनेही निर्दोष नाहीत. 2007 मध्ये इलिनॉयच्या संशोधकांनी रिफॅक्टरिंग साधनांचीच यंत्राकरवी परीक्षा घेतली तेव्हा एक्लिप्समध्ये 21 आणि नेटबीन्समध्ये 24 नवे दोष निघाले. प्रोग्रामर मेन्यूवर फारसा विश्वास टाकत नाहीत याचे एक कारण हेही असावे. 2009 च्या एका अभ्यासात सुमारे 90 टक्के रिफॅक्टरिंग हातानेच होत असल्याचे आढळले होते.

मग उरते ती चाचणी. मायकेल फेदर्स यांनी 2004 मध्ये लेगसी प्रोग्रामची व्याख्याच अशी केली: ज्याला चाचण्या नाहीत तो लेगसी, मग तो कालच लिहिलेला का असेना. त्यांचा सल्ला असा की हात लावण्याआधी प्रोग्राम आज काय करतो ते चाचण्यांत बांधून ठेवावे. बरोबर काय असायला हवे ते नव्हे, आज काय होते ते. साखर कारखान्याला हे सोपे आहे, कारण गेल्या हंगामांच्या काटा पावत्या आणि निघालेली बिले दोन्ही हाताशी असतात. त्या सगळ्या पावत्या नव्या मांडणीतून काढायच्या आणि बिले पैशापैशाने ताडून पाहायची.

किती बारीक पाहावे लागते याचा एक नमुना. 2021-22 मध्ये 10 टक्के उताऱ्याला 290 रुपये आणि पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 2.90 रुपये दर होता. उतारा 11.2 टक्के असेल तर 1.2 टक्के जास्त, म्हणजे 12 टप्पे, दर 324.80. कोबॉलसारखी भाषा दशमान पद्धतीने हिशेब करते आणि 12 च देते. जावात तोच हिशेब नेहमीच्या दशांशी संख्याप्रकाराने केला तर आत द्विमान पद्धत असते. तिच्यात 11.2 ही संख्या नेमकी मावतच नाही; उत्तर 11.99999 असे काही तरी येते. पूर्ण टप्पे मोजण्यासाठी कोणी पुढचे अपूर्णांक छाटले की राहिले 11. क्विंटलला 2.90 रुपये गेले, टनाला 29. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात एका हंगामाला 1 कोटी 45 लाख रुपये. मांडणी देखणी, पॅटर्न बरोबर, आणि शेतकऱ्याचे बिल कमी. ताडणी केली तर पहिल्या पावतीलाच हे सापडते, न केली तर आंदोलनात.

गेल्या काही वर्षांत मोठ्या भाषा-मॉडेलांनी या कामात प्रवेश केला आहे. फॉक्सप्रोचा भाग देऊन तो काय करतो हे विचारले तर बरेचदा समजेल असे उत्तर मिळते. टीव्हीके म्हणजे काय असावे याचा तर्क, चाचण्यांचा पहिला खर्डा, कोणता पॅटर्न लागू पडेल याची सूचना, यात त्यांचा उपयोग खरा आहे. पण पूर्वअटी तपासून बदल करणारे साधन आणि संभाव्य मजकूर लिहिणारे मॉडेल यांच्यात मूलभूत फरक आहे. पहिले खात्री नसेल तर नकार देते. दुसरे खात्री नसली तरी लिहून मोकळे होते. सुचवणे मॉडेलकडे, बदल करणे जुन्या धाटणीच्या साधनाकडे आणि निकाल ताडणीकडे, अशी वाटणी सध्या तरी सर्वांत शहाणपणाची दिसते.

सगळा प्रोग्राम एका दमात बदलू नये, यावर जाणकारांचे एकमत आहे. फाउलर यांनी 2004 मध्ये सुचवलेली रीत म्हणजे जुन्यासमोर दार उभे करून एकेक काम नव्याकडे वळवत न्यायचे आणि सगळे वळले की जुना बंद करायचा. ऊसबिलात सुरुवात दरापासून करणे योग्य, कारण सर्वांत जास्त बदलणारा भाग तोच. वजावटी नंतर, साखर-साठा सर्वांत शेवटी. आणि ज्या भागाला गेल्या दहा वर्षांत कोणी हात लावला नाही, तो कितीही कुरूप असला तरी तसाच ठेवावा.

एवढे सगळे करायचे तर प्रोग्रामचा मूळ मजकूर संस्थेच्या ताब्यात हवा. अनेक संस्थांकडे फक्त चालणारी फाइल असते, मूळ मजकूर लिहिणाऱ्याकडेच राहिलेला असतो; मग साधन कितीही हुशार असले तरी त्याला वाचायला काही नसते. म्हणून करार करताना मूळ मजकूर मागून घ्यावा. दरवर्षीचा दराचा नियम परिपत्रकाच्या तारखेसह लिहून ठेवावा. निदान तीन हंगामांच्या पावत्या आणि बिले जपावीत. हिशेब विभागातला जुना माणूस निवृत्त होण्याआधी त्याच्याजवळ बसून प्रत्येक अडनिड्या नावाच्या रकान्याचा अर्थ टिपून घ्यावा. आणि प्रत्यक्ष काम उन्हाळ्यात, गाळप बंद असताना हाती घ्यावे. काटा सुरू झाला की पहिल्या हंगामात जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी-शेजारी चालवावेत, आणि दर पंधरवड्याला दोन्ही बिले जुळल्याशिवाय पैसे वर्ग करू नयेत.